ठरावाचा मार्च

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, उन्हाने फिरतं, पंचा घेत जा डोक्यावर. ऊन असतंच म्हणा. नऊ वाजले नाहीत तोच कुंपणाचे जांभ्याचे गडगे तापतात, परसात गळून पडलेल्या काजूच्या बोंडांना आंबूस वास सुटतो, आंबे भरायच्या पेंढ्याचे भारे घेऊन टेम्पो बागांकडे जायला लागतात. हे सगळं मला एके काळी फार आवडायचं. चित्रकलेचा मास्तर मी, या दिवसांतले रंग मला वर्षभर पुरायचे. आता नको वाटतं. शेजारच्या घरात कोणाची तरी पोर खिडकीत बसून मोठ्याने पाठ करत असते, एकच वाक्य चार-चार वेळा, मधेच अडखळते, पुन्हा पहिल्यापासून धरते. मी उठतो आणि आमची खिडकी लावून घेतो. उकडलं तर उकडलं.

यंदा त्यात एका पत्राची भर पडली. आमच्या पक्षाच्या मुंबईच्या कचेरीतून आलंय. इंटरनेटवर लोक जे लिहितात त्याबद्दलचा कायदा सरकार कडक करतंय, तेव्हा प्रत्येक जिल्ह्याने आपलं मत महिनाअखेरपर्यंत कळवावं. शेवटी विचारलंय, ‘आपला मागील ठराव कायम आहे काय?’ मी ते पत्र कपाटावर टाकलं आणि दोन दिवस तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सुमनने, माझ्या बायकोने, ते काढून वाचलं. एक शब्द न बोलता होतं तिथे ठेवून दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमचा पक्ष तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. दर निवडणुकीला त्याची निशाणी बदलते. एकदा कपबशी, एकदा शिलाई मशीन, आणि एकदा तर भर सभेत आमच्या दत्तारामला आठवेचना, तेव्हा तो म्हणाला, “आपली ती कायती निशाणी हाय, तिच्यावर शिक्का मारा.” तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यात आम्ही अकरा जण होतो. बैठकीला सात यायचे. सात आले की नाना चष्मा पुसत म्हणायचे, “आज गर्दी आहे हो!”

नाना आमचे जिल्हाध्यक्ष. बैठका त्यांच्याच घरापुढच्या खळ्यात व्हायच्या, मांडवाखाली. आणीबाणीत ते तुरुंगात होते. तिथे वहिनींची पत्रं यायची ती काळी शाई फासूनच. त्यातलं एक नानांनी जपून ठेवलं होतं. वर मायना, खाली ‘काळजी घ्यावी’, मधलं सगळं काळं. मधे काय लिहिलं होतं ते पुढे वहिनींनाही आठवलं नाही. नाना ते पत्र उजेडात धरून बघायचे. काही दिसायचं नाही, तरी बघायचे. लिहिलेलं पुसणं म्हटलं की त्या शांत माणसाचं अंग थरथरायला लागायचं.

म्हणून आमच्या फळ्याचा तो नियम. बाजाराच्या कोपऱ्यावर पक्षाचा एक काळा फळा होता, लाकडी चौकटीचा. माझं अक्षर बरं, त्यामुळे रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तो लिहायचं काम माझ्याकडे. वरचा भाग आमचा, खालचा भाग लोकांचा. कोणीही यावं, खाली नाव घालावं आणि हवं ते लिहावं. आम्हाला कोणी शिव्या घातल्या तरी पुसायचं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याचं म्हणणं वर जसंच्या तसं, एक शब्द न गाळता उतरवून काढायचं आणि त्याच्याखाली आपलं उत्तर द्यायचं. रत्नागिरीत लोक आम्हाला मत द्यायचे नाहीत, पण फळा वाचायला थांबायचे. पाण्याची टाकी, बंदरातला गाळ, एसटीच्या फेऱ्या, सगळ्यावर आम्ही असे भांडलो. त्याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू!

आणि घरात वैजू. आमची एकुलती एक लेक, तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्राणिशास्त्र घेतलेलं, आणि माशांचं वेड. रविवारी सकाळी उठून मिरकरवाड्याच्या बंदरावर जायची, मासळीचा लिलाव संपेपर्यंत चिखलात उभी राहायची आणि दत्तारामला विचारून विचारून माशांची नावं वहीत उतरवायची. दत्ताराम बंदरावर बर्फाच्या कामाला होता. तो म्हणायचा, “मास्तर, तुमची पोर आमच्या बायकांपेक्षा जास्त मासे वळखते.” आणि आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही! ती परत आली की सुमन दारातच अडवायची, “आधी न्हाऊन ये मेल्ये, मग शीव कशाला ते.” वैजू हसत विहिरीकडे पळायची. पुढे मत्स्यशास्त्र शिकायचं, इथेच, असं तिने ठरवलं होतं. त्याला पहिला वर्ग लागत होता, आणि तो तिला मिळणार यात कोणालाच शंका नव्हती.

त्या मार्चमध्ये ती खळ्यात येरझारा घालत वाचायची. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात कैरीची फोड, मीठ-तिखट लावलेली. पान उलटायची त्याच बोटांनी. पुस्तकांवर सगळीकडे तिखटाचे लाल ठसे. मी ओटीवर बसून ते बघायचो आणि मनात म्हणायचो, बाबा रे, तुझं बरं चाललंय. ती पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. उघडायचा धीर होत नाही.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला आमचा तो ठराव झाला. तेव्हा कॉलेजची पोरं एका साइटवर पडीक असायची. तिच्यावर कोणीही उठावं आणि एखादा गट काढावा, फोटो लावावेत, हवं ते लिहावं. कोणीतरी कोणाबद्दल काही वेडंवाकडं लिहिलं म्हणून कुठे कुठे सायबर कॅफे फोडले गेले होते. मोठे पक्ष म्हणत होते, सरकारने असल्या साइटी बंद कराव्यात. आमच्या कचेरीने जिल्ह्यांचं मत मागवलं. आम्ही सात जण नानांच्या खळ्यात बसलो, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर, मधे कोकम सरबताचे पेले.

“कोणी बघितली आहे का ती साइट?” मी विचारलं.

कोणीच नाही.

“बघायचंय काय त्यात?” नाना म्हणाले. “फळाच तो. आपला लाकडाचा, त्यांचा काचेचा.”

दत्ताराम कोपऱ्यात होता. म्हणाला, “आणि कोणी खोटा लिवला तर, नाना?”

“तर त्याच्याखाली आपण खरं लिहायचं.”

“आणि त्याने नाव नाय घातला तर?”

नानांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “खोटं लिहिणारा नाव घालत नाहीच. त्यावरूनच तर लोकांना कळतं, खोटं कुठलं ते.”

आम्ही माना डोलावल्या. किती पटलं होतं ते आम्हाला! ठरावाचा मसुदा नानांचा, पक्कं लिहायचं काम माझं. ‘लोकांच्या लिहिण्यावर सरकारने हात ठेवू नये, खोट्याला खऱ्याने, उघडपणे उत्तर द्यावे,’ असं नानांनी लिहिलं होतं. मला ते मिळमिळीत वाटलं. मी त्यात ‘कोणत्याही कारणाने’ घातलं. लोकांच्या लिहिण्यावर सरकारने कोणत्याही कारणाने हात ठेवू नये. जाड निबाने, काळ्या शाईत, वळणदार. हे शब्द माझे, दुसऱ्या कोणाचे नाहीत. सगळ्यांचे हात वर झाले. दत्तारामचा सगळ्यात शेवटी.

ठरावाला वीस दिवसही झाले नसतील. वैजूची परीक्षा सोमवारी सुरू व्हायची होती आणि बुधवारी दुपारी मी शाळेतून आलो तर सुमन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली. चूल थंड. म्हणाली, “त्या साइटवर आपल्या वैजूचं काहीतरी घातलंय कोणी. घाणेरडं.” मला आधी कळलंच नाही. माणसाला दुसऱ्याच्या घराबद्दल ऐकतोय असं वाटतं.

वैजूला घेऊन सायबर कॅफेत गेलो. प्लायवूडचे खण, पुढे कळकट पडदा, आत दोघांना बसायला जेमतेम जागा. तिने पान उघडलं आणि मान फिरवून पडद्याकडे बघत बसली. गॅदरिंगमधला फोटो होता तिचा, नऊवारी नेसून कोळीनृत्य केलं होतं तेव्हाचा. वर तिचं नाव, वर्ग, ती कुठल्या वाटेने कॉलेजला जाते ते. बंदरावर ती कशाला जाते त्याबद्दल काय काय. त्याच्याखाली जे होतं ते मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

“कोणाचं काम हे?” मी विचारलं.

“नाव नाहीये बाबा. खोटं नाव आहे.” मग ती शांतपणे म्हणाली, “बावीस जण आहेत यात. मी साइटवाल्यांना कळवलंय, तशी सोय असते. काढतात ते, आठ-दहा दिवस लागतात. तोपर्यंत माझे पेपर होतील. तुम्ही फक्त काही करू नका.”

वीस वर्षांची पोर. तिने सगळा विचार केला होता. गुन्हेगार कोण, न्याय काय, असलं काहीही तिला नको होतं, तिला पेपर द्यायचे होते. आणि मला वाटलं, घाबरली आहे.

सुमन म्हणत होती, “पोलिसांत जा. मी सांगत्ये ना, आत्ताच्या आत्ता उठा आणि जा. बंद करायला लावा ते.” मी कसा जाणार? सही होती माझी. कोणत्याही कारणाने! स्वतःच्या मुलीवर आलं तसं लगेच सरकार हवं झालं का, असं लोक म्हणतील, ही भीती होती मला. खरं सांगायचं तर तीच होती. पोरीच्या अब्रूपेक्षा मी माझ्या शब्दाच्या अब्रूला जपत होतो, आणि त्याला मी तत्त्व म्हणत होतो.

नानांकडे गेलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “माझी नात असती तर मी लिहिलं असतं, मास्तर. झाकलं की लोकांना खरं वाटतं.” त्या म्हाताऱ्याने मनापासून सांगितलं हो. त्याला दोष देऊन मी सुटत नाही.

शनिवारी सकाळी मी फळा ओल्या फडक्याने पुसून घेतला. वाळू दिला. मग नियमाप्रमाणे आधी समोरच्याचं म्हणणं उतरवलं. त्या गटाचं नाव, तो साइटवर कुठे सापडेल ते, आणि त्यातला मजकूर, जसाच्या तसा, एक शब्द न गाळता. खाली लाल खडूने लिहिलं, ‘हे सर्व खोटे आहे. ही माझी मुलगी आहे. लिहिणाऱ्याने नाव घालून इथे उत्तर द्यावे. जागा ठेवली आहे.’ खाली माझी सही. अक्षर चांगलं आलं होतं. दोन पावलं मागे होऊन मी ते बघितलंही होतं. सांगायची लाज वाटते, पण बघितलं होतं.

पहिल्या अर्ध्या तासात दहा-बारा जण थांबले. एक ओळखीचे गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, “धाडस हो तुमचं!” आणि मग खिशातून पेन काढून त्यांनी गटाचं नाव पेपराच्या कडेला उतरवून घेतलं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, निषेध करायला घेतायत. साडेदहाच्या सुमाराला समोरच्या सायबर कॅफेवाल्याने आतून दोन खुर्च्या आणून बाहेर मांडल्या, नंबर लागेपर्यंत थांबणाऱ्यांसाठी. त्या खुर्च्या बघितल्या आणि आपण काय करून बसलो ते मला कळलं.

तेवढ्यात दत्ताराम आला. बंदरावर कोणीतरी सांगितलं असणार. बर्फावर घालायचं ओलं गोणपाट खांद्यावर होतं तसाच सायकलवरून आला होता. फळा वाचला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“ह्या काय केलात मास्तर?”

तो गोणपाट घेऊन पुढे झाला. आणि मी त्याचं मनगट धरलं. होय, धरलं. कळलेलं असताना धरलं. “पुसायचं नाही दत्ताराम. आपला नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात! पोर हाय ती तुमची!”

हात हिसडून त्याने फळा पुसला. मासळीचा वास मारणाऱ्या त्या गोणपाटाने वरपासून खालपर्यंत. पांढरं-तांबडं पाणी चौकटीवरून माझ्या चपलांवर गळलं. बघणारे होते ते पांगले, बरेचसे रस्ता ओलांडून समोरच्या कॅफेकडे गेले.

घरी आलो तर वैजू खळ्यात नव्हती. माजघरात बसली होती, पुस्तक मिटून मांडीवर. तिला कळलं होतं. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “बावीसचे चारशे झालेत बाबा.” रडली नाही. ओरडली नाही. मी म्हटलं, “अगो, सगळे आपल्या बाजूने आहेत.” तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी उठून ओटीवर गेलो. सुमनने त्या दिवसापासून कितीतरी महिने मला नावाने, नात्याने, कशानेच हाक मारली नाही. जेवायला वाढलं की ताट जरा आवाज करून ठेवायची.

सोमवारी तिच्याबरोबर कॉलेजपर्यंत गेलो. पांढरा पंजाबी ड्रेस, हातात पॅड, हॉलतिकीट. फाटकापाशी पोरापोरींचे घोळके होते, शेवटच्या क्षणी पानं चाळत. आम्ही जवळ गेलो तशी पानं चाळायची थांबली. शिट्टी नाही, हसणं नाही. एक मैत्रीण पुढे आली आणि वैजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “वाईट वाटलं गं वाचून.” वैजू जागच्या जागी थांबली.

“बाबा, घरी चला.”

“आत जा. घाबरायचं कशाला? आपण खरे आहोत.”

“चला ना हो.”

पाच मिनिटं मी तिला समजावत राहिलो. घंटा झाली. घोळके आत गेले, फाटक लागलं, पिंपळाखाली आम्ही दोघंच राहिलो. मग ती वळली आणि चालायला लागली, आणि मी तिच्या मागून. तिने एकही पेपर दिला नाही. ते पान मात्र साइटवाल्यांनी काढलं. तिने कळवलं होतं त्याच्या नवव्या दिवशी, ती म्हणाली होती तसं. मी काही केलं नसतं तर बावीस जणांपाशीच ते मेलं असतं.

जूनमध्ये सुमन तिला मंडणगडला आपल्या बहिणीकडे पोचवून आली. जिल्ह्याचंच दुसरं टोक, पण बंदर नाही, समुद्र नाही, सगळा डोंगर. तिथे ती बालवाडी चालवते. रत्नागिरीत ती त्यानंतर आलेली नाही. गणपतीतही नाही. आम्हीच जातो.

नाना एकदा घरी आले होते. ओटीवर उभेच राहिले, कोणी बसा म्हटलं नाही. म्हणाले, “चुकलं का हो आपलं?” पुढच्या वर्षी ते गेले. ते काळं पत्र अजून वहिनींकडे आहे. ते आठवलं की मला वाटतं, सरकारच्या हातात असली शाई पुन्हा द्यायची? कशी देणार? आणि लगेच दुसऱ्या क्षणाला तो कॅफेतला खण आठवतो, पडद्याकडे तोंड करून बसलेली पोर आठवते. मग वाटतं, त्या पानाला कोणी हात लावायचा नाही, असं पुन्हा लिहायला माझा हात उठेल का? दोन्ही वाटतं. दोन्ही खरं वाटतं. तीन मार्च झाले, यातून मला बाहेर पडता येत नाही. बोलायला नाना नाहीत. पक्षात आता चौघं उरलोत, फळा गंजलेल्या साखळीने कोणाच्या तरी गोठ्यात बांधलाय, आणि आमच्या मताने दिल्लीत काडीचाही फरक पडणार नाही, हे काय मला कळत नाही? पण विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. काय देऊ?

गेल्या आठवड्यात शेवटी पत्र खिशात घातलं आणि मंडणगडची एसटी धरली. खेड सोडल्यावर घाट लागतो, पळस फुललेला होता. पोचलो तेव्हा बालवाडी सुटली होती. वैजू जमिनीवर बसून घोटीव कागदाचे पक्षी कापत होती. केस बारीक केलेत आता. तिने पाणी दिलं, चहा केला, आईचे गुडघे कसे आहेत विचारलं. मग म्हणाली, “काय काम काढलंत?”

मी पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

“यंदा मत तू सांग,” मी म्हटलं. “तू म्हणशील ते लिहीन. सरकारने बंद करावं म्हणालीस तर तसं. मागचा ठराव रद्द म्हणालीस तर रद्द.”

ती कात्रीने कागदाची कड सरळ करत राहिली. बाहेर कोणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

“मला नका विचारू ते,” ती म्हणाली.

“तुला नाही विचारायचं तर कोणाला?”

“तेव्हा मी तुम्हाला एकच सांगितलं होतं, बाबा.”

मला आठवत होतं. कॅफेतल्या त्या खणात बसून ती म्हणाली होती, तुम्ही फक्त काही करू नका. मी मान खाली घातली. चहावर साय धरली होती. वैजू, चुकलो गं, हे तीन शब्द मी रत्नागिरीहून घेऊन निघालो होतो. एवढ्या घाटातून नेले ते तसेच परत आणले.

तिने पत्राची होती तशीच घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी पाय धरले असते.

“लिहा तुम्हाला हवं ते,” ती म्हणाली. “बंद करा म्हणून लिहा, नाहीतर चालू ठेवा म्हणून लिहा. फक्त माझं उदाहरण देऊ नका कुठे.”

“नाही देणार,” असं मी तिला तोंडावर सांगितलं. संध्याकाळच्या एसटीने परत आलो, आणि चौथ्या दिवशी हे सगळं, तिच्या नावासकट, लिहायला बसलो.